शाब्बास भिंगरे

लॅबच्या बाईंनी अकरावा संगणक सुरू केला आणि कंपनीच्या तपासनिसाने कागदावर पहिली फुली मारली. पुढच्या एकोणिसांपुढेही फुल्याच पडणार होत्या. टायपिंग शिकवणाऱ्या प्रोग्रॅमच्या त्या जादा प्रती बाईंनीच चढवल्या होत्या.

“परवाना दहाचा, प्रती तीस.”

“मुलं तीस आहेत ना.”

“शैक्षणिक सवलत किमतीत असते, बाई. मोजणीत नाही.”

मुख्याध्यापक खिडकीशी उभे राहून मैदानात फार काही महत्त्वाचं चाललंय असं बघत होते. ‘मुलांसाठीच तर आहे, घ्या चढवून,’ हे सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यातले त्यांचेच शब्द. आता ते वळले.

“संस्थेच्या कानावर यातलं काहीच नव्हतं. बाईंनी परस्पर केलं. कबुली देतील त्या. काय बाई?”

कबुली दिली की सतरा वर्षांची नोकरी गेली. नाही दिली तर दंड शाळेला, आणि नोकरी तरीही गेलीच. बाईंनी ओढणीच्या टोकाने कीबोर्डवरची धूळ पुसली.

खात्रीसाठी तपासनिसाने टायपिंगचा पहिला धडा उघडला, एक ओळ बिनचूक उमटवली. पडद्यावर अक्षरं नाचली : शाब्बास भिंगरे!

तो हसला. “हे भिंगरे कोण, देव जाणे! आमच्या ऑफिसात या आडनावाचा माणूसच नाही. एकदा ते नाव काढायला गेलो, तर अख्खा प्रोग्रॅम आडवा झाला. तेव्हापासून भिंगऱ्यांना कोणी हात लावत नाही.”

“चला, आटपा लवकर,” मुख्याध्यापक म्हणाले. ते हसले नव्हते.

बाईंनी फॉर्म ओढून घेतला. नाव, हुद्दा, प्रतींची संख्या, सगळं भराभर लिहिलं. ‘मूळ प्रत कोठून मिळाली?’ या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं : घरून.

“घरून म्हणजे?”

“स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला हा प्रोग्रॅम. पुस्तकात बघून बघून. बारा वर्षं झाली. सीडी या सरांकडे दिली होती, सांभाळून ठेवतो म्हणाले.” बाईंचा आवाज चढला नाही. “आणि भिंगरे आडनाव नाही हो. माझी लेक. एका जागी बूड टेकायची नाही, म्हणून भिंगरी. तिला शिकवायला केला होता.”

तपासनिसाने मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी पुन्हा मैदानाकडे.

मग तपासनिसाने बॅगेतून दुसरा कोरा फॉर्म काढला आणि अलगद बाईंपुढे सरकवला.

“तेवढा रकाना सोडून भरा, बाई. उगाच वाढवू नका.”

बाईंनी नवा फॉर्म भरला. कबुलीखाली सही केली. आणि त्या रकान्यात पुन्हा ‘घरून’ लिहिलं. या वेळी अक्षर जरा सुवाच्य आलं.