ताईच्या गाडीचा हिशेब

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे ग्रंथपालांना दाढी करताना, चहा गाळताना, केव्हाही आठवायचं. तिने लिहिलं होतं, 'माझी पेट्रोलची गाडी मोडीत गेली. आता विजेची घेऊ की पुन्हा पेट्रोलचीच? चालवायला स्वस्त कोणती, ते सांग. तू म्हणशील ती घेईन. गाडीवाचून तुझ्याकडे येणंही अडलंय. फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून लिहितेय.'

ग्रंथपाल आता निवृत्त झाले होते, पण स्वभाव पुस्तकीच. वीज, पेट्रोल, विमा, टायर, सगळं त्यांनी वाचून काढलं. किलोमीटरमागे वीज स्वस्त, हे कळलं. पण बॅटरी दगा देईल का? आपण सांगायचं आणि ताईने फसायचं. तिच्याविना रविवार खायला उठायचे, तरी पेनाचं टोपण काही निघेना.

शेवटी धीर करून त्यांनी शेजारच्या शिंप्याला गाठलं. त्याने नुकतीच विजेची गाडी घेतली होती.

"महिन्याचा खर्च कितीने उतरला हो?"

"बसा, दाखवतो."

शिंप्याची बायको मागच्या सीटवर आधीच बसलेली होती, ग्रंथपाल पुढे बसले. गाडी चूपचाप निघाली. सिग्नल सुटला आणि तिने अशी झेप घेतली की ग्रंथपालांची टोपी उडून थेट मागे बाईंच्या मांडीवर.

"राहू द्या काका, माझ्याकडेच," त्या म्हणाल्या. "पुन्हा उडेल."

"पण खर्च?"

"होता तेवढाच आहे. पेट्रोल होतं तेव्हा हे गाडीला हात लावायचे नाहीत. काल एक बटण पोचवायला गावाबाहेर जाऊन आलो. माझी आई तर म्हणाली, आता दोन दिवस येऊ नका गं."

"स्वस्त पडतं, म्हणून," शिंपी ओशाळून पुटपुटला आणि चौकाला उगाच आणखी एक चक्कर मारली.

ग्रंथपालांना हसू आवरेना. पोटात गुदगुल्या, डोळ्यांत पाणी. घरी पोचताच त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं, 'ताई, विजेचीच घे. फेरी स्वस्त पडेल. पैसे मात्र वाचतील असं वाटत नाही, कारण तू सारखी येशील. ये.'

पोस्टाची पेटी गल्लीच्या तोंडाशीच होती. तिघं तिथे गाडीने गेले, सगळ्या गावाला वळसा घालून, आणि ग्रंथपालांनी खिडकीतून हात लांबवून पत्र आत सोडलं.