फळ्यांवर घेतलेलं माप

टायर फुटला तो युमा शहराच्या अलीकडे की पलीकडे, हे मला आज नक्की सांगता येत नाही. मागचा डावा होता एवढं आठवतं. म्हणजे, आठवतं असं वाटतं. मी एक ट्रेलर आहे, चार चाकांवरचं घर. मला स्वतःचं इंजिन नाही. माझं नाक पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जाड तबकडीत अडकवतात आणि ट्रक नेईल तिकडे मी जातो. अशा जन्माला आलेल्याने आपल्या मतांबद्दल फार खात्री बाळगू नये.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यातला. मला नॉर्थ डकोटाच्या व्हर्लिन आणि आर्डिस हॉगन या नवरा-बायकोने घेतलं. तो धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळून निवृत्त झालेला, ती शाळेत भूगोल शिकवून. ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आत, आम्ही ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या ट्रेलरवाल्यांच्या तळावर यायचो आणि एप्रिलात परत जायचो. नऊ हिवाळे असे बरे गेले.

मग व्हर्लिनने नवा ट्रक घेतला. त्याचा हौदा जुन्यापेक्षा उंच होता. माझं नाक वर झालं, शेपूट खाली गेली, सगळा भार मागच्या चाकांवर आला आणि मी रस्त्यावर डुलू लागलो. मला वाटलं, माझंच वय झालं. टायर फुटला तेव्हा मी ट्रकला शेजारच्या लेनमध्ये ओढत नेलं. समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून निभावलं.

आर्डिस रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"पुन्हा असं झालं ना व्हर्लिन, तर मी बस धरून बहिणीकडे जाईन. आणि तिथेच राहीन."

"अगं, टायर जुना होता."

"टायर नाही. तू जुना झालायस."

तळावर क्लिऑन नावाचा एक म्हातारा वेल्डर होता. तो माझ्यापासून चार पावलं मागे सरकला आणि हसायलाच लागला.

"नाक बघ याचं! लग्नात माझ्या सासूचंसुद्धा एवढं वर नव्हतं."

उपाय त्याने लगेच सांगितला. माझे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, चौकटीला जिथे टांगलेले होते, तिथे मधे लोखंडी तुकडे वेल्ड करायचे, म्हणजे मी चाकांवर उंच होईन आणि नाक आपोआप सरळ येईल. किती उंच करायचं, ते मापावर. मी सपाट उभा असताना माझं नाक जमिनीपासून किती आणि ट्रकची तबकडी किती, एवढंच पाहायचं. माझ्या दाराजवळच्या पाणसळीचा बुडबुडा मधोमध होता. व्हर्लिनने टेप लावला आणि म्हणाला, "दोन इंच."

आयुष्यभर वजनमाप केलेला माणूस. त्याच्यावर कोण शंका घेणार? क्लिऑनने दोन इंचांचे तुकडे जोडले. आम्ही रस्त्यावर आलो, तर नाक वरच, आणि डुलणंही होतंच.

मी पार गोंधळलो. तळावर पाणसळ म्हणायची मी सपाट आहे, रस्ता म्हणायचा नाही. दोघांपैकी कोणाचं खरं मानायचं? की मुळात माझाच सांगाडा वाकडा होता?

क्लिऑन माझ्याखाली शिरला आणि बराच वेळ तिथेच पडून राहिला.

"व्हर्लिन, माप घेतलंस तेव्हा याच्या चाकांखाली काय होतं?"

"काही नाही. फळ्या होत्या."

"किती जाडीच्या?"

व्हर्लिनने टोपी काढली आणि परत घातली.

"...दोन इंच."

त्या तळावर ट्रेलर आला की कॉफीच्या आधी चाकांखाली फळ्या सरकवतात. ट्रेलर सपाट नसला तर फ्रीज नीट चालत नाही. ती सवय इतकी अंगवळणी पडलेली, की फळ्या कोणाला दिसतच नाहीत. त्यांच्यावर मी आधीच दोन इंच उंच होतो. म्हणून कमतरता दोन इंचांनी कमी भरली.

"चाळीस वर्षं काट्यावर बसलास ना रे?" क्लिऑन म्हणाला. "मग गव्हाबरोबर शेतकरीपण तोलला असशील!"

तुकडे बदलायला चार दिवस गेले. पाचव्या सकाळी आर्डिस "कपडे धुवायला शहरात जाते" म्हणून गेली आणि मी आता कसा चालतो ते बघायला व्हर्लिन मला एकटाच रस्त्यावर घेऊन निघाला. मी सरळ चाललो. चारही चाकांवर सारखा भार, डुलणं नाही. त्याने शीळसुद्धा घातली.

पस्तीस मैलांवर पेट्रोल पंपाच्या बाकावर आर्डिस बसलेली. मांडीवर पर्स, पायाशी सुटकेस.

"तू इथे?"

"कपडे धुवायला."

"पस्तीस मैलांवर?"

"इथली मशीनं बरी आहेत. दार उघड."

त्याने दार उघडलं. दाराची पायरी चार इंच उंच झाली म्हणून ती एप्रिलपर्यंत कुरकुरत होती, आणि आणखी सहा हिवाळे माझ्यात राहिली. पण त्या सुटकेसचा अर्थ मला लागेना. ती जायला निघाली होती, की परत यायला? व्हर्लिनला कळलं होतं का? मला भलतंच दिसलं असेल, असंही कितीदा वाटलं.

व्हर्लिन वारल्यावर आर्डिसने मला नोरीन नावाच्या बाईला विकलं. आता मी तिच्या अंगणात उभा असतो, वर्षातून एकदा बाहेर पडतो. तिला एवढीच विनंती, की टेप लावण्याआधी एकदा वाकून चाकांखाली बघ.

विक्रीच्या दिवशी आर्डिस तिला माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "याला दुरुस्त करून पहिल्यांदा बाहेर काढलं, त्या सकाळी मी बसमध्ये बसले होते. आमच्या बसने याला मागे टाकलं. खिडकीतून बघितलं, तर याचं छप्पर रस्त्याबरोबर अगदी सरळ चाललेलं. मी ड्रायव्हरला पुढच्या पंपावर उतरव म्हटलं. व्हर्लिनला कधी सांगितलं नाही."

तिकीट फार्गोपर्यंतचं, बहिणीच्या गावाचं होतं, एकाच बाजूचं.