उमादेवी अंगणवाडीत बसते

“बाई, हजेरीत ह्या दोघी धरू का तिघी?” मदतनीस ऋतुजानं विचारलं, तशा अंगणवाडी सेविका सिंधुबाई हसल्या.

पाच वर्षांची अक्षरा आईला घट्ट बिलगून बसली होती. आईला, उमादेवीला, सातवा महिना. उदगीरजवळच्या त्या अंगणवाडीत महिनाभर हेच चाललं होतं. आई उठली की पोरगी थरथरायची. जूनमध्ये तिला पहिलीत जायचं होतं. तिथं आईला कोण बसू देणार?

मुलं खिचडी खात होती तेव्हा उमा हळूच म्हणाली, “माझंच चुकलं, बाई. लॉकडाऊनात ही पोटात होती. ग्रहणात म्या वांगं चिरलं. सासूबाई अजून बोलत्यात. ह्या लेकराचं बी असंच झालं तर?”

“त्याच दिवशी म्या भोपळा चिरला.”

“तुम्ही कुठं पोटुशी होता!”

“न्हवते. पर भोपळा लई मोठा होता.”

उमाला खुदकन हसू आलं. अक्षरानं चमकून वर पाहिलं. आईचं असं हसणं तिनं फारसं ऐकलेलं नव्हतं.

सिंधुबाई जवळ सरकल्या. “वांग्यानं काई होत न्हाई. पर तवा तुझा नवरा संगमेश्वर पुण्याला अडकला, सासरे गेले, तू महिनोन्‌महिने धास्तीत होतीस. त्याचा चटका कवा कवा लेकराला लागतो म्हणं. लागतोच असं न्हाई. लागला तरी मायेनं लेकरू सावरतंय. ह्यात तुझा गुन्हा कोणता, सांग बरं?”

उमा पदरानं डोळे पुसत राहिली.

“आता बसलीच हायस, तर गोष्ट सांग. घरी वासराशी बोलतीस, तशी.”

उमानं लाजत लाजत कोंबडीची गोष्ट सांगितली. कोंबडी कलकलली, तशी मुलं लोळून हसली. मग रोज तीच फर्माईश. सिंधुबाईंनी एकदाही अक्षराला पुढे ओढलं नाही. वाट बघायला त्यांना तीस वर्षांत अशा मुलांनीच शिकवलं होतं. उमाचा आवाज मात्र दिवसेंदिवस मोठा होत गेला.

तिसऱ्या आठवड्यात गोष्ट ऐन रंगात असताना अक्षरा उठली.

“तसं न्हाई, अव्वा! कोंबडी असं करती!” ती आईला म्हणाली.

कोपरं हलवत, मान पुढंमागं करत ती खोलीभर फिरली. मागे वीस पिल्लं चिवचिवत निघाली. ऋतुजा हातातला खिचडीचा डाव घेऊन त्यांच्यात सामील झाली.

दारापाशी आल्यावर कोंबडीनं आईकडे वळून पाहिलं.

“अव्वा, तू जा घरी. मला पिल्लं सांभाळायचीत.”

उमा उठली. चपला घालताना तिचा पाय दोनदा चुकला. मागे बघू नको, असं सिंधुबाईंनी खुणेनं सांगितलं; तरी तिनं पाहिलंच. अक्षराचं लक्ष नव्हतं.

खिडकीतून सिंधुबाईंना ती दिसत राहिली. भर दुपारच्या उन्हात उमा एकटीच चालली होती. पोटावर हात ठेवून ती कोणाशीतरी बोलत होती, आणि मधूनच कोंबडीसारखी कलकलत होती.