पियरी

दिनानाथ मल्लाहाचं, घाटावरच्या नावाड्याचं, प्रेत गंगेतून काढून अजून दुपार कलली नव्हती, आणि ढुंढिराजाने दुसऱ्यांदा भात मागावा, हे आनंदीबाईंना मुळीच खपलं नाही. सरकारी वेधशाळेत चिकटल्यापासून पोराचे डोळे आभाळाला लागले होते. खाली कोण जगतंय, कोण मरतंय, याची शुद्ध नाही. त्यांनी भाताचं पातेलं स्वतःकडे ओढलं आणि वाढलं नाही.

ढुंढिराजाच्या ते ध्यानात आलं नाही. तो कालच्या आंधीचं सांगत होता. प्रयागहून तार आली की वादळ पूर्वेला सरकतंय. याने हवेचा दाब दाखवणाऱ्या नळीतला पारा पाहिला, गणित मांडलं आणि दिवस मावळायच्या आत काशीवर कोसळेल असं वर कळवलं. तसंच झालं. आज गोऱ्या साहेबाने सगळ्यांदेखत पाठ थोपटली.

"पाठ थोपटली," आनंदीबाई म्हणाल्या. "आणि दिनानाथला कोणी सांगायचं होतं? गंगेने?"

"मी सांगितलं, आई."

तो दुखावला होता. तेवढ्यासाठी तो वेधशाळेतून धावत आला होता. दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवरून ओरडून सांगितलं. दिनानाथने हात जोडले, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पुढची तार करायची म्हणून हा तसाच माघारी पळाला. एवढं ऐकूनही त्याने नाव काढली, त्याला कोण काय करणार?

डोळ्यांत पाणी. आनंदीबाईंच्या हातातली पळी थांबली. सकाळी त्या प्रेतापाशी उभ्या होत्या. दिनानाथच्या मनगटाला पिवळं लुगडं गुंडाळलेलं होतं. कोरं, अजून हळद सोडणारं. पियरी. नवस पावला की इथले लोक भर धारेत नाव नेऊन गंगेला वाहतात ती. त्याची पोर घरात तापाने फणफणलेली, आणि या मेल्याला कसला नवस पावला, असं बायका कुजबुजत होत्या. आनंदीबाईंचा आवाज त्यांत सगळ्यांत मोठा होता.

ताप पाहायची नळी अख्ख्या आळीत एकच, ती याच घरात. आठवडाभर रोज संध्याकाळी ढुंढिराज ती घेऊन दिनानाथच्या पोरीपाशी बसे. बाप उंबऱ्यात बसून याच्या तोंडाकडे बघत राही. रोज उठताना हा मान हलवून म्हणे, "पारा नहीं उतरा."

"काय म्हणालास त्याला? होते तसे शब्द सांग."

"हेच, की दिनानाथ, पारा उतर गया. एकदम नीचे..."

त्याच्या बोटांचा भात बोटांनाच राहिला.

आनंदीबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"आंधी म्हणायला जीभ झडली होती तुझी. तू त्याला थांब नाही म्हणालास, ढुंढ्या. पोर बरी झाली म्हणालास."