रेघेवरचं घर

माझे बाबा, ड्वेन पर्डी, जानेवारीत आयडाहोला गेले. त्या दिवशी व्हर्ना आत्याआजी भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "आसाहेलचं रक्त आहे. कधी ना कधी उसळणारच."

आईच्या हातातली बशी पुसायची तशीच राहिली.

आसाहेल पर्डी म्हणजे आत्याआजीचे पणजोबा. आमच्याकडे कुणी पश्चिमेला तोंड करून नुसतं शिंकलं तरी त्यांचं नाव निघतं. आत्याआजीने तरुणपणी राजधानीतल्या ग्रंथालयात जाऊन जुन्या जनगणनेच्या फिती पाहिल्या होत्या. १८७० साली आयोवात लुसिंडा पर्डी होती, पदरात चार पोरं आणि नवरा गायब. त्याच उन्हाळ्यात पार नेब्रास्कात आसाहेल होते. त्यांच्या नावाखाली हॅरिएट पर्डी, तिची दोन पोरं आणि घर एकच. आत्याआजीने तिथल्या तिथे यंत्र बंद केलं, गाडी कॅन्ससमधल्या आमच्या गावाकडे वळवली आणि घरी येऊन जाहीर केलं, की आपण बायको टाकलेल्या माणसाची अवलाद आहोत.

तेव्हापासून मे महिन्याच्या शेवटी, सगळं गाव कबरी सजवायला जातं त्या दिवशी, कॉफीच्या रिकाम्या डब्यांत खोचलेली पिओनीची फुलं प्रत्येक पर्डीला मिळतात. फक्त कोपऱ्यातल्या आसाहेलना नाही आणि त्यांच्या शेजारच्या लहान दगडालाही नाही. त्या दगडावर 'आई' एवढंच कोरलंय. "ती हॅरिएट," आत्याआजी सांगायची. "नाव कोरायची लाज वाटली असेल."

बाबांचं म्हणाल, तर ते काम करायचे ते पेंडीचं दुकान बंद पडलं आणि तिकडे एका गोठ्यावर नोकरी मिळाली. "घराचं जमलं की बोलावतो," म्हणून गेले. आधी रोज फोन यायचा, मग दिवसाआड, मग कधीतरी. एप्रिलमध्ये मीच लावला, तर एका बाईने उचलला.

"ड्वेन ना? तो तव्याशी भांडतोय. थांब हं."

मला हसू आलं, आईला नाही. बाई म्हणजे नॅडीन. त्याच गोठ्यावर काम करते, दोन मुलं आहेत, भाडं दोघांत वाटून घेतात. बाबांनी हे सगळं सरळ सांगितलं, पण आत्याआजीने त्यातले पाचच शब्द ऐकले: बाई, दोन पोरं, एकच घर.

"लनेट, गुमान सही कर," ती आईला म्हणाली. आमच्या भाड्याच्या घराचा करार मेअखेर संपत होता. नव्या वर्षाचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता. "पोरीची शाळा तरी बुडणार नाही."

"बघते, आत्या," आई म्हणायची. कागद तिथेच, सहीची जागा कोरी.

मी त्याच वसंतात शाळेच्या वादविवादात पहिल्यांदा जिंकले होते. त्यामुळे जगातला कुठलाही वाद मला जिंकण्यासारखाच दिसत होता. आता आसाहेलवरचाच खटला चालवायचा, असं मी ठरवलं! एका शनिवारी लॅपटॉप घेऊन आत्याआजीच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं. ती रुबार्बच्या आंबट देठांच्या पाईसाठी पीठ लाटत होती.

"हलव ते यंत्र. पीठ उडेल त्याच्यावर."

"उडू दे. हे बघ, आत्याआजी. १८५० साली हा बारा वर्षांचा, ओहायोत, बापाच्या शेतावर. १८६० ला इंडियानात, लुसिंडाशी लग्न झालेलं, मांडीवर ओहायोत जन्मलेलं बाळ. मग आयोवा. दर दहा वर्षांनी एक राज्य ओलांडतोय! याला तर ढगाच्या मागे धावायची सवय."

"आणि सत्तर साली?"

सत्तर सालचं पान मी दोनदा वाचलं. मग ओरडलेच, "नातं कुठंय?"

"कसलं नातं?"

"हॅरिएटच्या नावापुढे 'बायको' लिहिलेलंच नाही! त्या वर्षी नात्याचा रकानाच नव्हता. तो पुढच्या गणनेत आला."

"पुरुष, बाई, पोरं, एक चूल. रकाना कशाला हवा, कार्टे?"

मग मी पुढच्या गणनेत शिरले. नेब्रास्कात आसाहेल नाहीतच. पुन्हा सटकले, म्हणून आत्याआजी खूश! पण मला आता त्यांची चाल कळली होती. ते कधी मागे फिरत नव्हते आणि उडी नेहमी जवळच्याच राज्यात घेत होते. कॅन्ससमध्ये शोधलं आणि सापडले की महाराज, आपल्याच तालुक्यात. खाली पहिली ओळ: लुसिंडा, पत्नी. मग मुलं, एकेकाचं जन्मस्थान ओहायो, इंडियाना, आयोवा आणि पुन्हा आयोवा. त्यानंतर चार्ली, वय आठ, जन्म नेब्रास्का.

"माझे आजोबा," आत्याआजी हळूच म्हणाली. "लुसिंडाचे?"

"लुसिंडाचे. म्हणजे ती दोन वर्षांच्या आत नेब्रास्कात पोचली होती. आणि सगळ्यात शेवटी बघ. हॅरिएट, भावजय, विधवा."

आत्याआजी खुर्चीवर बसली. आसाहेलचा भाऊ यादवी युद्धात कामी आला होता, एवढं तिला ठाऊक होतं. त्याची बायको कुठे गेली, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. पण ती पर्डी आहे, इतक्यात हार कशी मानेल?

"म्हणजे बायकोला आयोवात ठेवून भावजयीबरोबर एका छपराखाली! धन्य!"

तरी मी शोधत राहिले आणि त्याच सत्तर सालची शेतांची वेगळी गणना हाती लागली. तिच्यात माणसं नव्हती, फक्त शेतकरी आणि त्यांची जनावरं. आसाहेल पर्डी, बैलजोडी. त्याच्या खाली हॅरिएट पर्डी, एक दुभती गाय. तिचं शेत वेगळं, तिच्याच नावावर.

"विधवेला सरकारी जमीन स्वतःच्या नावावर मागता यायची," मी म्हणाले. "अट एकच, जमिनीवर स्वतः राहायचं. पण मग शेतं दोन आणि घर एकच, हे कसं?"

आत्याआजी उठून पुन्हा ओट्यापाशी आली.

"बूड एका शेतात, ताट दुसऱ्या शेतात," आत्याआजी म्हणाली.

"काय?"

"चार्ली आजोबा म्हणायचे. लहानपणी जेवायला बसलो की माझं बूड एका शेतात आणि ताट दुसऱ्या शेतात असायचं. आम्ही हसायचो. म्हातारा बरळतोय, म्हणायचो." तिने सुरी उचलली आणि ओट्यावरच्या पिठात एक लांब रेघ मारली. त्या रेघेवर बोटाने एक चौकोन काढला, अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. "घर हद्दीवरच बांधलं. हा झोपला आपल्या जमिनीवर, ती तिच्या. एकट्याने दोन घरं कुठून उभी करणार? अशी घरं तर कितीतरी होती, मला माहीत होतं! आणि तरी मी..."

दारात आई उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"छान झालं," ती म्हणाली. "पण दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस ड्वेनची हमी कशी देणार?"

"नाहीच देणार," आत्याआजी म्हणाली. "पण मी तुला ऐकवत होते ते खोटं होतं. तेवढं मागे घेते. बाकीचं त्याला विचार. लाव फोन."

आईने लावला आणि आवाज मोठा केला. मी फोन दोघींच्या मध्ये धरला.

"ड्वेन, फोन का कमी केलेस?"

पलीकडे ठोकाठोक थांबली. "काय सांगणार होतो, लनेट? घर अजून तयार नाही, हेच रोज? लाज वाटायची. मागच्या बाजूच्या दोन खोल्या आपल्याला घेतल्यात, आज जमीन घातली. पण तुझा तो फ्रीझर काही मावत नाही. मी माप घेतलंय. दार काढलं, चौकट काढली..."

"भिंत काढ आता!" मागून नॅडीन ओरडली. "आणि बाई, तू लवकर ये गं! याच्या हातची अंडी माझी पोरंसुद्धा खाईनात!"

आई हसली. नाकातून फुर्रर्र, डुकरासारखी, जानेवारीपासून पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसायला लागली आणि मीही. आत्याआजी म्हणाली, "पाई करपतेय," आणि भट्टीकडे वळली. पाई अजून भट्टीत गेलीच नव्हती.

मेअखेरीला आम्ही तिघी कबरींकडे गेलो. पिओनी नुकत्याच फुललेल्या, मुंग्यांनी भरलेल्या. आत्याआजीने त्या चांगल्या झटकल्या. एक डबा तिने आसाहेलच्या दगडापाशी ठेवला आणि शेजारच्या 'आई'समोर दुसरा डबा घेऊन थांबली.

"ही लुसिंडा की हॅरिएट?"

"ते कुठेच लिहिलेलं नाही, आत्याआजी."

"कुणीही असो. माझ्यामुळे इतकी वर्षं बिचारीला एक फूल मिळालं नाही." ती गुडघ्यावर टेकली आणि डबा मातीत घट्ट रोवला. "अजून फुलं आण गं, लनेट!"

आई गाडीतून उरलेली जुडी घेऊन आली. ओल्या देठांना तिने एक कागद गुंडाळला होता. पाणी झिरपून त्यावरची छापील अक्षरं फुटत चालली होती, पण मी ओळखला. आमच्या घराचा करार होता तो, सहीची जागा अजून कोरीच.