हुसेनबीची इद्दत

दस्तगीर मेल्याची खबर हुसेनबीला कळली, तेव्हा त्याला मातीआड होऊन दोन वर्षं उलटली होती.

खबर आणली मंद्रूपच्या लाडलेसाबनं. अमेरिकेतले कारखाने बंद पडायला लागले, तशी इकडची माणसं मिळेल त्या बोटीनं परतत होती, त्यातलाच तो. भर दुपारी हुसेनबी दारात रहाटावर कांड्या भरत बसली होती. हातमागवाल्या कल्लप्पाकडचं सूत घरी आणायचं, कांड्या भरून द्यायच्या, त्यावर तिचं आणि सासू चाँदबीचं पोट चालायचं. संपात गिरणीतलं काम गेल्यावर तिचा नवरा दस्तगीर मुंबईला गेला, आगबोटीवर कोळसा टाकायला लागला आणि अमेरिकेच्या एका बंदरात उतरला तो तिकडंच राहिला. आधी पत्रं यायची, मग तीही बंद झाली. तरी दर ईदेला हुसेनबी त्याच्या नावानं हिरव्या बांगड्या भरायची.

लाडलेसाब पाणी प्याला. मग खालच्या मानेनं त्यानं सांगून टाकलं. डेट्रॉइट शहरात मोटारीच्या कारखान्यात दस्तगीर भट्टीवर होता. ऐन थंडीत छाती भरली आणि चार दिवसांत गेला.

आतून चाँदबीनं विचारलं, "मशीद हुती का रं तितं?"

"हुती की, अम्मा. जोड्याच्या दुकानावरची माडी भाड्यानं घेतलेली. अरबांच्या शाम मुलखातले, तुर्कस्तानचे, बंगालचे, तितलेच काळे लोक, असे सगळे यायचे. एकाची बोली दुसऱ्याला कळायची न्हाय, पर नमाजेला रांगेत सफ धरून उभं राहिलं की सगळे एक व्हायचे. बांग दस्तगीरच द्यायचा. खिडक्या लावून द्यायला लागायची, खालचा दुकानदार कुरकुरायचा."

"आनि माती?"

लाडलेसाब अडखळला. "मयताची आंघोळ, गुसल, एका म्हाताऱ्या तुर्कानं आनि इल्यास नावाच्या काळ्या माणसानं दिलं. नमाज झाली. पर जमीन गोठून दगड झालेली, कुदळ चालंना. तितं अशा वक्ताला मयत दगडी खोलीत ठेवत्यात. बर्फ वितळल्यावर पुरला."



हुसेनबीचा रहाट केव्हाच थांबला होता. "शेवटाला जवळ कोण हुतं?" तिनं विचारलं.

त्यानं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. "रोझी म्हणून एक बाई हुती, भाबी. धोबीखान्यात कामाला. मशिदीतल्या लोकांनीच निकाह लावून दिला. एकटा माणूस वाया जातो म्हणायचे."

"लेकरू?"

"न्हाय."

"रडली का ती?"

"जिन्यावर बसून रडली. वर मशिदीत बायकांना जागा नव्हती."

हुसेनबी उठली. त्याच्यापुढं भाकरी-कालवण ठेवलं, तो जेवून जाईपर्यंत उभी राहिली. तो गेल्यावर तिनं दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. काचांचा आवाज ऐकून शेजारची सारजाबाई धावत आली. मनगटातून रक्त येत होतं. सारजाबाईनं काही न विचारता पदराची चिंधी फाडून बांधली.

दुसऱ्या दिवशी ती मौलवीसाहेबांच्या दाराशी गेली, नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात बसायचं त्या इद्दतीचं आणि त्याच्या नमाजेचं विचारायला. ते पडद्याआडून बोलले. "इद्दत मौतीच्या दिवसापासून मोजतात, बेटी. तुझी कधीच संपली. गैरहजर मयतीची नमाजही आपल्यात होत नाही. फातिहा दे, कुराण पढवून घे."

"म्हंजे मी बेवा झाले, आनि तेबी सरून गेलं?"

"व्हय, बेटी." त्यांचा आवाज पडला होता. मनानं वाईट नव्हते ते. किताबात होतं ते त्यांनी सांगितलं.

"दोन वर्षं मी त्याच्या नावानं बांगड्या भरत हुते."



घरी येऊन हुसेनबीनं दार लावून घेतलं आणि इद्दतीला बसली. कुणाचं ऐकलं नाही. कल्लप्पाचा माणूस कांड्या न्यायला दोनदा येऊन गेला, मग सूत दुसऱ्या घरी जायला लागलं. सारजाबाई पीठ आणून द्यायची, तेही रोज नाही. चाँदबीनं तर अन्नच सोडलं होतं. संध्याकाळ झाली की ती विचारायची, "बर्फ वितळला का गं?" हुसेनबी आधी समजावून सांगायची. पुढं पुढं नुसतं "व्हय, अम्मा" म्हणायची.

उन्हाळ्याच्या तोंडी चाँदबी गेली. सगळा मोहल्ला जमला आणि दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आला. तापलेली माती भुसभुशीत होती, खोदायला वेळ लागला नाही, असं बायका दारात बोलत होत्या. हुसेनबीनं ते ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं. सासूसाठी रडतेय की त्याच्यासाठी, ते तिचं तिलाच कळेना.

इद्दतीचे दिवस भरल्यावर ती बाहेर पडली. कल्लप्पानं हात जोडले, काम दुसऱ्या बाईला दिलं होतं. सारजाबाई गिरणीत रिळ खात्यात होती, तिनं माणसं कामावर घेणाऱ्या जॉबरला सांगून हुसेनबीला फाटकाशी नेलं. आत कारकून बसला होता. त्यानं मान वर न करता नाव विचारलं, मग नवऱ्याचं नाव विचारलं.

"दस्तगीर. वारले."

"कधी?"

 सारजाबाई तिच्याकडं बघत होती.

"यंदा," ती म्हणाली.