हिच्या वाटेला जाऊ नका

अण्णांनी गिटारच्या सहाही खुंट्यांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या, त्यांवर एक ते सहा आकडे घातले आणि मगच जुन्या तारा सैल करायला घेतल्या. ग्रंथालयात चौतीस वर्षं काढलेला माणूस, त्याचं काम असंच चालायचं.

"आजोबा, तारा बदलताय की ऑपरेशन करताय?" नातीने विचारलं.

"तू गप्प बस आणि पक्कड दे इकडे."

गिटार मुलाची होती. मुलगा जाऊन दीड वर्ष झालं होतं. तो डावखुरा, म्हणून गिटारही डावखुऱ्यांची. नात उजवी, आणि उद्यापासून तिचा क्लास. नवी घेऊ, असं अण्णांनी म्हणून पाहिलं, पण "मला पप्पांचीच हवी" म्हणून ती हटून बसली. सून एवढंच म्हणाली, "अण्णा, तुम्हीच तारा उलट क्रमाने लावून द्या. परक्या माणसाने तिच्या तारा तोडलेल्या मला बघवणार नाहीत."

आपण हे कुणाला सांगतोय, ते तिला माहीत नव्हतं. तिचा नवरा पाच वर्षांचा असताना त्याचा डावा हात अण्णांनी रुमालाने खुर्चीला बांधला होता. रोज संध्याकाळी तासभर, समोर वही ठेवून. पोरगं शाळेत मागे पडेल, लोक हसतील, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. पोरगं रडलं नाही. मुकाट्याने उजव्या हाताने लिहायला शिकलं, आणि अक्षर जन्मभर कोंबडीचे पाय. पहिल्या पगारात ही गिटार घरी आणली तेव्हा तो हसत म्हणाला होता, "अण्णा, हिच्या वाटेला मात्र जाऊ नका."

अण्णाही हसले होते तेव्हा.

नव्या तारांच्या पुड्यांवर आकडे होतेच. अण्णांनी आकड्याला आकडा जुळवत एकेक तार चढवली. प्रत्येक तार आपापल्या खाचेत चपखल बसली. आयुष्यात पहिल्यांदाच हातून काहीतरी सुबक झालं, असं त्यांना वाटलं.

नातीने गिटार मांडीवर घेतली, हात फिरवला आणि थांबली.

"आजोबा, जाड तार खालीच राहिली की."

"म्हणजे?"

"होती तशीच लावलीत तुम्ही. पप्पांचीच."

दारात उभी असलेली सून फस्सकन हसली, आणि लगेच तोंडावर हात धरून आत वळली. अण्णा चिठ्ठ्यांकडे बघत राहिले. जे जिथून काढलं ते तिथेच परत ठेवायचं. जन्मभर दुसरं केलं काय होतं त्यांनी? दुकानदाराने सांगितलेलं सगळं लिहून घेतलेला कागद खिशातच राहिला होता.

"राहू द्या ना, अण्णा," सून आतून म्हणाली. "नवी घेऊ आपण."

"नाही," नात म्हणाली. तिने गिटार उलटी धरली आणि डावा हात तारांवर आपटला. बेसूर आवाज आला. "मी डाव्या हाताने शिकेन. होईल सवय."

अण्णांच्या तोंडून हो निघणारच होतं. अशीच राहिली असती गिटार. पण त्यांना तो अवघडलेला लहानसा हात दिसला.

"आण इकडे," ते म्हणाले. "या घरात आता कुणाचा हात वळवायचा नाही."

त्यांनी खिशातला कागद काढला. तारा उतरवल्या. मानेच्या टोकाची खाचांची पट्टी हलक्या हाताने ठोकून सोडवली, उलट फिरवून बसवली. मग जाड तारेच्या जागी बारीक, बारकीच्या जागी जाड. शेवटी चिठ्ठ्या फाडून टाकल्या.

या वेळी सूर बरोबर लागला. नात खूश होऊन पुन्हा पुन्हा तेच वाजवू लागली.

अण्णांचं लक्ष लाकडावर होतं. मुलाच्या नखांनी पडलेले ओरखडे इतकी वर्षं तारांच्या खालच्या बाजूला असायचे. नातीच्या मांडीवर गिटार उलट बाजूला फिरली, आणि ते आता तारांच्या वरच्या बाजूला आले होते. नातीचा हात खालच्या कोऱ्या लाकडावरून जात होता. वर तो पोचत नव्हता.